गिटारीला कंठ देणारा हिशेबनीस : लिओ फेंडर

गेल्या जून महिन्यातील गोष्ट. पावसाने नुकताच जोर धरला होता. अशा एका संध्याकाळी आमच्या शाळेतील एक विद्यार्थी आपल्या वडिलांसह आमच्या घरी आला. मामाने त्याला मुंबईहून विजेची गिटार आणून दिली होती. पण ती कितीही छेडली तरी पलीकडच्या खोलीत ऐकू जाईना. तिला ध्वनिवर्धक हवा होता. शहरातील एका दुकानात शंभर वॉटांची उंच काळी पेटी त्याने पाहून ठेवली होती आणि तिच्यावर त्याचे मन जडले होते. वडिलांनी घराची कौले बदलण्यासाठी काही रक्कम बाजूला काढली होती. तिला हात लावावा काय आणि लावलाच तर कोणती पेटी घ्यावी, हे विचारण्यास दोघे आले होते. स्नेहसंमेलनात तारा जोडणारे गुरुजी अशी आमची ख्याती असल्यामुळे हा प्रश्न आमच्या पदरी आला.

आम्ही त्याला एकदम उत्तर दिले नाही. त्याच्या गिटारीच्या डोक्यावर ज्या अमेरिकन गृहस्थाचे आडनाव कोरलेले होते, त्या गृहस्थाची हकीकत त्याला सांगितली. तीच येथे थोड्या विस्ताराने देत आहोत. आम्हां गोवेकरांना गिटार परकी नाही. मांडो गाताना ती घुमटाच्या शेजारी बसतेच. परंतु त्या गिटारीचे पोट पोकळ असते आणि त्या पोकळीतच तिचा आवाज वाढतो. विजेच्या गिटारीचे अंग भरीव लाकडाचे. तारेखाली लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत अतिशय क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तो वाढवून स्पीकरला दिल्याखेरीज ऐकू काहीच येत नाही. सतारीला जसा भोपळा, तसा या गिटारीला ध्वनिवर्धक. भोपळा काढून घेतलेली सतार म्हणजे नुसता दांडा होय. हे ज्याने प्रथमपासून ओळखले आणि भोपळा व दांडा या दोहोंवर सारखेच कष्ट घेतले, तो पुरुष म्हणजे लिओ फेंडर.

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात झाला. ॲनाहाइम आणि फुलर्टन या दोन गावांच्या मधल्या भागात त्याच्या आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. घर शेतकऱ्याचे, संगीताची वा विज्ञानाची परंपरा कोणतीच नाही. लिओ आठ वर्षांचा असताना त्याच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली. डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसविण्यात आला. या मुलाच्या पुढील आयुष्यातील मितभाषी, संकोची वृत्तीचे मूळ याच प्रसंगात असावे असे आम्हांस वाटते. पण हा आमचा तर्क आहे.

तेरा-चौदा वर्षांच्या सुमारास त्याच्या एका नातेवाइकाने त्याला नाताळची भेट म्हणून एक खोका पाठविला. हा नातेवाईक सांता मारिया या गावी मोटारींच्या विजेच्या दुरुस्तीचे दुकान चालवीत असे. खोक्यात मोडक्या रेडिओचे भाग होते. दुसऱ्याच वर्षी लिओ त्या दुकानी गेला, तेव्हा तेथे घरी बनविलेला एक रेडिओ दर्शनी भागात ठेवला होता आणि त्याच्या कर्ण्यातून मोठा आवाज बाहेर पडत होता. त्या आवाजाने मुलगा झपाटला. संगीताने नव्हे, आवाजाने! हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. शाळेत असतानाच तो घरी बसून इतरांचे रेडिओ दुरुस्त करू लागला. लहानपणी त्याला थोडा पियानो शिकविला होता आणि पुढे सॅक्सोफोनही त्याने हाताळला. गिटार मात्र तो जन्मभर शिकला नाही. ती सुरात कशी लावावी हेसुद्धा त्याला नीटसे येत नव्हते असे सांगतात.

१९२८ साली शालेय शिक्षण संपवून तो फुलर्टनच्या कॉलेजात गेला, आणि तेथे त्याने विषय घेतला तो हिशेबनिसीचा. विद्युत्शास्त्राचा एकही पाठ त्याने कोणा शिक्षकाकडे घेतला नाही. पुढे एका बर्फाच्या कंपनीत माल पोचविण्याचे व मग वह्या लिहिण्याचे काम त्याला मिळाले. याच काळात नाचाच्या मेळाव्यांसाठी एका वाद्यवृंदाच्या प्रमुखाने त्याच्याकडून सहा ध्वनिवर्धक संच तयार करून घेतले. १९३४ साली एस्थर क्लॉस्की या तरुणीशी त्याचा विवाह झाला. राज्याच्या महामार्ग खात्यात हिशेबनिसाची नोकरी लागली, ती सुटली. नंतर टायरच्या एका कंपनीत लागली, तीही सुटली. ती जागतिक मंदीची वर्षे होती. नोकरी जाण्यात कोणाचा दोष असावाच लागतो असे नाही.

तेव्हा १९३८ साली फेंडर यांनी सहाशे डॉलर कर्ज काढले, पत्नीसह ते फुलर्टनला परतले आणि त्यांनी रेडिओ दुरुस्तीचे दुकान घातले. येथून पुढची सात-आठ वर्षे बाहेरून पाहणाऱ्याला अगदी सामान्य वाटतील. आमच्या मते तीच त्यांच्या आयुष्यातील खरी शाळा होय. दुकानात रेडिओ येत, तबकड्या वाजविण्याची यंत्रे येत, आणि आसपासच्या नृत्यगृहांत वाजविणारे वादक आपापल्या गिटारी व ध्वनिवर्धक घेऊन येत. रात्रभर वाजविलेली, मोटारीच्या मागे टाकून शंभर मैल हिंदकळत आणलेली ही यंत्रे कोठे मोडतात हे फेंडर रोज पाहत होते. डाक कोठे सुटतो, स्पीकरचा कागद कोणत्या बाजूने फाटतो, कोणती तार हलली म्हणजे खरखर सुरू होते, याचे ज्ञान त्यांना पुस्तकातून मिळालेले नव्हते. पुढे त्यांनी स्वतः जे जे बनविले, ते उघडण्यास सोपे, दुरुस्त करण्यास सोपे आणि अंगाने दणकट असे बनविले, याचे कारण या दुरुस्तीच्या टेबलाशी आहे. त्यांच्या गिटारीची मान अंगाला सरसाने चिकटविलेली नसून स्क्रूने बसविलेली असे. मान वाकली तर ती काढून दुसरी बसविता यावी.

विजेची गिटार फेंडर यांनी शोधून काढली असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. १९३० च्या दशकाच्या आरंभी जॉर्ज बोशां आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी मांडीवर ठेवून वाजविण्याची हवाई पद्धतीची विजेची गिटार बाजारात आणली होती. हवाई बेटांतील ही चाल त्या काळी अमेरिकेत विलक्षण लोकप्रिय झाली होती. तारेवर पोलादाचा तुकडा सरकवून मींड काढण्याची तिची रीत आपल्या कानांना जवळची असल्यामुळेच की काय, पुढे ती आपल्याही देशात रुजली आणि व्हॅन शिपले यांनी तिच्यावर वाजविलेली चित्रपटगीते आमच्या लहानपणी घरोघरच्या रेडिओवर ऐकू येत. फेंडर यांचा धंदा सुरू झाला तो याच गिटारीपासून. दुसऱ्या महायुद्धात एका डोळ्यामुळे त्यांना सैन्यात घेतले गेले नाही. तेव्हा त्यांनी डॉक कॉफमन या स्नेह्याशी भागीदारी केली आणि दोघे दुकानाच्या मागे हवाई गिटारी व त्यांचे लहान ध्वनिवर्धक तयार करू लागले. गिटार व ध्वनिवर्धक यांची जोडीच विकावयाची, हा त्यांचा शिरस्ता प्रथमपासूनचा. १९४६ साली कॉफमन कर्जाच्या भीतीने बाहेर पडले. फेंडर राहिले. पहिल्या वर्षांत कंपनी अनेकदा बुडता बुडता वाचली आणि घर चालले ते पुष्कळसे एस्थरबाईंच्या टेलिफोन कंपनीतील पगारावर. चरित्रलेखक या पगारावर एक ओळ खर्च करतात. आम्हीही तेवढीच केली आहे, पण ती विसरू नये.

आता त्या लहान पेटीकडे येऊ, कारण आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न तिच्याशीच होता.

अमेरिकेत त्या वेळी हवाई गिटार शिकविणारे वर्ग गावोगावी होते. तेथे येणारी मुले म्हणजे शेतकऱ्यांची, कामगारांची. त्यांना मोठ्या सभागृहात वाजवावयाचे नव्हते. घरी बसून धडा घोटावयाचा होता. त्यांच्यासाठी फेंडर यांनी १९४८ साली आठ इंची स्पीकरची आणि १९४९ साली सहा इंची स्पीकरची अशा दोन पेट्या काढल्या. त्यांची नावे चॅम्पियन ८०० आणि चॅम्पियन ६००. १९५० च्या दशकात हीच पेटी सुधारत जाऊन चॅम्प या आटोपशीर नावाने प्रसिद्ध झाली. तिच्यात व्हॉल्व्ह अवघे तीन. एक गिटारीकडून आलेला क्षीण प्रवाह वाढविणारा, एक त्याला स्पीकर हलविण्याइतका जोर देणारा, आणि तिसरा घरातील उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेने वळविणारा. शक्ती सुमारे पाच वॉट. बटण एकच, आवाज कमीजास्त करण्याचे. सूर जाड-बारीक करण्याची सोयसुद्धा नाही. अंगावर प्रवासी पेटीसारखे जाड विणीचे कापड चिकटविलेले आणि वर चामड्याचा कान, म्हणजे दहा वर्षांच्या मुलाने ती एका हाताने उचलून वर्गाला न्यावी.

पाच वॉट ऐकून आमच्या विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. शंभरापुढे पाच म्हणजे विसावा हिस्सा, असा त्याचा हिशेब. परंतु कानाचे गणित निराळे असते. शक्ती दहापट केली तर कानाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणजे पन्नास वॉटांची पेटी पाच वॉटांच्या पेटीपेक्षा दहापट मोठ्याने बोलत नाही, दुपटीनेच बोलते. किंमत आणि वजन मात्र असे कानाच्या हिशेबाने वाढत नाही. शिवाय दुसरीही एक गोष्ट आहे. व्हॉल्व्हची पेटी तिच्या पुऱ्या ताकदीला आली म्हणजे तिच्या आवाजाला एक प्रकारची कड येते; सूर किंचित फाटतो आणि भरतो. आरंभी फेंडर यांना हा दोष वाटे आणि त्यांनी तो टाळण्याचाच प्रयत्न केला. वादकांना मात्र तो आवडू लागला. मोठ्या पेटीत हा गुण येण्यासाठी घराच्या भिंती हादरवाव्या लागतात. लहान पेटीत तो खोलीत बसून येतो. म्हणूनच नामांकित वादकांनी पुढे ध्वनिमुद्रणासाठी हीच मुलांची पेटी निवडली. एरिक क्लॅप्टन यांनी १९७० साली मायामी येथे आपली गाजलेली ध्वनिमुद्रिका करताना चॅम्प वापरला होता.

येथे आम्ही त्या मुलाला आमची स्वतःची फजितीही सांगून टाकली. तरुणपणी आम्ही चौघा मित्रांनी वर्गणी काढून एक भली मोठी पेटी घेतली होती. दोन खोल्यांच्या आमच्या बिऱ्हाडात तिचे बटण पहिल्या आकड्यापुढे कधी गेले नाही. पहिल्या आकड्यावर ती घोगऱ्या माणसासारखी कुजबुजे. वर्षभराने ती अर्ध्या किमतीला विकली तेव्हा ती बसमध्ये चढविण्यास चौघांनाही हात लावावा लागला, आणि चौघेही बऱ्याच वर्षांनी एकत्र आले एवढाच तिचा उपयोग झाला.

फेंडर यांच्या चरित्राचा प्रसिद्ध भाग यापुढे येतो. तो ठाऊक असल्यामुळे आम्ही भराभर सांगतो. १९५० साली त्यांनी भरीव अंगाची, उभी धरून वाजविण्याची गिटार विक्रीस काढली. तिचे ब्रॉडकास्टर हे नाव एका ढोलवाल्या कंपनीने हरकत घेतल्यामुळे बदलावे लागले आणि १९५१ साली ती टेलिकास्टर झाली. त्याच वर्षी त्यांनी खर्जाची विजेची गिटार काढली. तोपर्यंत खर्जासाठी माणसाएवढे उभे वाद्य पाठीवर वाहून न्यावे लागे. या नव्या वाद्याला नेहमीचा ध्वनिवर्धक पुरेना, म्हणून १९५२ साली पंधरा इंची स्पीकरची बेसमन ही पेटी आली. आपल्यापैकी कोणी खर्जाची गिटार शिकत असेल तर हे ध्यानात ठेवावे. साध्या गिटारीची लहान पेटी खर्जाच्या जोरदार स्वरांसाठी केलेली नसते. मोठ्याने वाजविले तर तिचा स्पीकर फाटण्याचा धोका असतो. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली. याच बेसमनच्या सुधारलेल्या नमुन्यावरून १९६० च्या दशकारंभी लंडनचे दुकानदार जिम मार्शल यांनी आपला पहिला ध्वनिवर्धक बेतला आणि त्यातून इंग्लंडमधील मोठ्या आवाजाची सारी परंपरा निघाली.

गिटार न येणाऱ्या माणसाने हे कसे साधले? त्यांनी वादकांना विचारले. नवा नमुना तयार झाला की ते तो एखाद्या धंदेवाईक वादकाला वापरावयास देत, रात्री नृत्यगृहात जाऊन मागच्या बाजूस उभे राहत आणि कोठे सूर चिरकतो ते ऐकत. दुसऱ्या दिवशी पेटी पुन्हा टेबलावर. जॉर्ज फुलर्टन, फ्रेडी तवारेस हे त्यांचे सहकारी स्वतः वादक होते. तवारेस तर हवाई बेटांतच जन्मलेले. डिक डेल नावाचा एक तरुण वादक इतक्या जोराने वाजवी की त्याच्या हाती दिलेला प्रत्येक ध्वनिवर्धक जळून येई. फेंडर यांनी त्याला दोष दिला नाही. अधिक शक्तीचा ध्वनिवर्धक केला, तोही जळला, तेव्हा आणखी मोठा केला. शंभर वॉटांच्या पेट्यांचा जन्म अशा निकडीतून झाला. हजारो लोकांपुढे वाजविणाऱ्या माणसाची ती निकड होती. कौलारू घरात सारेगम घोटणाऱ्या मुलाची ती नव्हे.

१९५५ च्या सुमारास फेंडर यांच्या शरीरात एक जंतुसंसर्ग शिरला आणि तो काही केल्या हटेना. दहा वर्षे तो त्यांना पोखरीत राहिला. आपले दिवस भरत आले अशी त्यांची खात्री होऊन चुकली, आणि जानेवारी १९६५ मध्ये त्यांनी आपली कंपनी सी.बी.एस. या प्रचंड प्रसारण कंपनीला एक कोटी तीस लक्ष डॉलरना विकून टाकली. सहाशे डॉलरच्या कर्जावर उभा राहिलेला तो संसार होता. त्यानंतर डॉक्टर बदलला, औषध बदलले, आणि ते चक्क बरे झाले! दैवाची ही थट्टा म्हणावी की काय म्हणावे? मरणाच्या भीतीने घर विकावे आणि मग पंचवीस वर्षे जगावे. इकडे नव्या मालकांच्या कारकिर्दीत माल उतरला अशी वादकांची तक्रार सुरू झाली आणि १९६५ पूर्वीच्या गिटारींना व पेट्यांना सोन्याचे मोल आले. स्वतःच्याच नावाच्या वस्तूंवर आपला हक्क उरलेला नाही, या स्थितीत दुसरा एखादा खचला असता किंवा पैसे मोजीत स्वस्थ बसला असता. फेंडर यांनी काही वर्षे सल्लागार म्हणून काढली, कराराची मुदत संपताच म्युझिक मॅन या कंपनीसाठी वाद्ये रचली आणि सत्तर वर्षांचे झाल्यावर जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्यासह जी अँड एल हा तिसरा कारखाना काढला. नावातील पहिले अक्षर जॉर्जचे, दुसरे लिओचे. १९७९ साली एस्थरबाई कर्करोगाने वारल्या. पुढल्या वर्षी त्यांनी फिलिस नावाच्या बाईंशी विवाह केला.

अखेरच्या काळात त्यांना कंपवाताने गाठले. ज्या हातांनी बारीक तारांचे वेढे घातले, डाक दिले, ते हात थरथरू लागले. तरीही ते रोज कामावर येत. मृत्यूच्या आदल्या दिवशीही ते आपल्या कामाच्या खोलीत होते. २१ मार्च १९९१ रोजी फुलर्टन येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे टेबल, मापे, अर्धवट राहिलेले नमुने, सारे जसेच्या तसे ठेवून ती खोली त्यांच्यामागे अनेक वर्षे जतन करण्यात आली होती.

ही हकीकत ऐकून झाल्यावर मुलाने आपण होऊन शंभर वॉटांचा विषय काढला नाही. मग आम्ही तिघे एका रविवारी दुकानात गेलो. आपली गिटार बरोबर नेली. दुकानातील उंची गिटारीवर कोणतीही पेटी गोडच लागते. दुकानदाराने आवाज चढवून दाखविला, तो आम्ही उतरविण्यास सांगितला. रात्री घरातील माणसे निजली असता जितका चालेल, तितक्या आवाजावर प्रत्येक पेटी ऐकली. काही पेट्या त्या आवाजात बसल्या, काही स्वच्छ बोलल्या. प्रतिध्वनी मिसळण्याची कळ आम्ही मुद्दाम बंद करविली, कारण तिच्या आडोशाला चुकलेला स्वर सहज लपतो आणि सरावाच्या पेटीने तर तो उघडा पाडला पाहिजे. कानाला लावण्याच्या हेडफोनची जागा आहे की नाही ते पाहिले. वीज गेली तर चालावी म्हणून बॅटरीची सोय पाहिली. अशा बॅटरीवरच्या पेट्या १९७३ पासून, म्हणजे पिगनोझ या छोट्या पेटीपासून, लोकप्रिय झाल्या आहेत. आणि सर्वांत शेवटी मुलाला ती हातात घेऊन दुकानाभोवती एक फेरी मारावयास लावली.

दुकानात एक जुनी अमेरिकन व्हॉल्व्हची पेटीही होती आणि मुलाचे डोळे तिच्याकडे वळले. ती आम्ही निक्षून नाकारली. अमेरिकेतील वीज सुमारे १२० व्होल्टांची, आपली २३० ची; मधे योग्य ट्रान्सफॉर्मर नसेल तर ती पहिल्याच दिवशी जळावयाची. तिचा प्लग दोनच पिनांचा, म्हणजे अर्थिंग नाही, आणि पोलादी तारांवर तर आपले उघडे हात असतात. आत तीनशे व्होल्टांहून अधिक दाब खेळतो आणि प्लग काढल्यानंतरही काही भागांत तो टिकून राहतो. ज्याला ते काम येते त्याच्याखेरीज कोणीही असली पेटी उघडू नये, हे आम्ही शाळेतील सर्व मुलांना बजावून सांगत असतो.

घेतली ती पेटी ट्रान्झिस्टरची, दहा वॉटांची, सहा इंची स्पीकरची, कान धरून उचलता येणारी. कौलांच्या रकमेतून जे गेले ते वडिलांनी दिवाळीपर्यंत भरून काढले आणि पाऊस संपताच घर शाकारून झाले. आता संध्याकाळी आम्ही त्या गल्लीतून जातो तेव्हा रस्त्यावर गिटार ऐकू येत नाही. अंगणात तुळशीपाशी जाऊन उभे राहिले की येते. आणि मधेच एखादा स्वर चुकला की वादन थांबते, तोच तुकडा पुन्हा सुरू होतो.